कळलावीनं कुणाची कळ काढली?

तुमच्या सोसायटीच्या गेटपाशी कोणतं झाड आहे? फोन खाली ठेवा आणि आठवून बघा. नाही ना आठवत? आमच्याकडे कण्हेर आहे. गुलाबी फुलांची, माझ्यापेक्षा उंच. कॉलेजला निघताना रिक्षाची वाट बघत मी रोज तिच्या शेजारी उभी राहायचे आणि हाताला चाळा म्हणून तिची पानं तोडत बसायचे. कण्हेरीचं पान, फूल, फांदी, चीक असं सगळंच विषारी असतं, हे मला एकविसाव्या वर्षी कळलं. तेही कधी, तर आमच्या सोसायटीनं माझी एक वेल ‘विषारी आहे’ म्हणून उपटून टाकली तेव्हा.

त्या वेलीचं नाव कळलावी. हो, खरंच हेच नाव. ग्रुपमधली एखादी इकडचं तिकडे करते तेव्हा आपण तिला जे म्हणतो, तेच.

पावसाळ्यात कोकणात किंवा सह्याद्रीत भटकला असाल तर तुम्ही ती पाहिली असण्याची शक्यता दाट आहे. करवंदीच्या जाळीतून, गडाच्या वाटेवरच्या झुडपातून, शेताच्या कुंपणातून मध्येच एक ज्वाळा डोकं वर काढते. सहा पाकळ्या, त्यांच्या कडा कुरळ्या, आणि वाऱ्यात छत्री उलटी व्हावी तशा सगळ्या मागे वळलेल्या. फूल उमलताना हिरवट-पिवळं असतं, मग बुडाशी पिवळं आणि टोकाला लाल होतं, जाता जाता पूर्ण लाल. त्यामुळे एकाच वेलीवर एकाच वेळी तीन-चार रंगांची फुलं दिसतात. संस्कृतात तिला अग्निशिखा म्हणतात. शास्त्रीय नाव ग्लोरिओसा सुपर्बा. म्हणजे नाव ठेवताना लिनियसचाही हात जरा सैलच सुटला होता. तामिळनाडूनं हिला राज्यफूल केलंय, झिम्बाब्वेचं ती राष्ट्रीय फूल आहे. १९४७ मध्ये तेव्हाच्या राजकन्या एलिझाबेथला तिकडच्या दौऱ्यात हिऱ्यांचा जो ब्रोच भेट मिळाला, तो याच फुलाच्या आकाराचा होता.

आणि आपण म्हणतो कळलावी.

या नावाबद्दल दोन गोष्टी ऐकायला मिळतात. एक, ही दारात लावली की घरात भांडणं लागतात. संस्कृतातलं तिचं दुसरं नाव कलिकारी, त्याचा अर्थही भांडण लावणारी असाच. म्हणजे बदनामी जुनी आहे. दुसरी कळ म्हणजे बाळंतपणाची. पूर्वी अडलेल्या बाईला कळा याव्यात म्हणून हिच्या कंदाचा लेप लावत. (हे वाचून कुणी काही प्रयोग करायला जाऊ नका. या कंदात कोल्चिसिन नावाचं जबरदस्त विष असतं. त्याकडे येतेच.)

तर ही बाई माझ्याकडे आली कशी? गेल्या वर्षी मे महिन्यात मी संगमेश्वरकडे आत्याच्या गावी गेले होते. परड्यातला गडगा ढासळला होता आणि तो परत रचायचं काम चाललं होतं. दगड हलवले तसे खालून कंद निघाले. बोटाएवढे जाड, इंग्रजी व्ही अक्षरासारखे दोन बाजूंना फाकलेले. जुन्या लोकांना त्यात नांगर दिसला म्हणून लांगली असंही एक नाव आहे. आत्यानं ते फावड्यानं बाजूला सारले. मी विचारलं, दोन नेऊ का? ती म्हणाली, “ने गो. पण दारात लावू नको, ती गडग्यावरची आहे. आणि हात धू आधी.”

मी हात धुतले. बाकीचं ऐकलं नाही.

खरं सांगते, त्या वेळी माझ्या डोक्यात निसर्गप्रेम वगैरे काही नव्हतं. डोक्यात रील होतं. रंग बदलणारं फूल, रोज एक शॉट, शेवटी सगळे जोडायचे. मास कॉम करणाऱ्या मुलीला आणखी काय सुचणार?

आमचं घर कल्याणच्या पुढे, तळमजल्यावर. खिडकीबाहेर सोसायटीची दीड-दोन फूट रुंद मातीची पट्टी आहे, तिथे मी एक ग्रो-बॅग ठेवली. बागकामाचा माझा अनुभव शून्य होता, आणि कळलावी लावायला एवढाच अनुभव पुरतो. माती, वाळू, थोडं कुजलेलं शेणखत. पाणी साचता कामा नये, साचलं की कंद कुजतो. कंद आडवा ठेवायचा आणि वर तीन-चार बोटं माती घालायची. सांभाळायची एकच गोष्ट, कंदाचं टोक. कोंब फक्त टोकाला येतो. ते मोडलं तर कंद कितीही जाडजूड असला तरी तिथून काही फुटत नाही. मी एक टोक पिशवीतच मोडून आणलं होतं, त्यामुळे हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

मेच्या शेवटी लावली. पाऊस सुरू झाल्यावर पंधरा दिवसांनी कोंब वर आला आणि मग तिनं मागे वळून पाहिलं नाही. रोज सकाळी ब्रश करताना बघावं तर कालच्यापेक्षा वर. चढते कशी, तेही बघण्यासारखं आहे. तिला वेगळे ताणे नसतात. पानाचंच टोक लांब होतं, वळतं आणि जे सापडेल त्याला गुंडाळून घेतं. मात्र सापडेल ते बारीक हवं. पाइप तिला पकडता येत नाही. आमच्या खिडकीचं ग्रिल, त्याला बांधलेली सुतळी आणि एकदा तर वाळत घातलेल्या माझ्या ओढणीचा काठ, हे सगळं तिनं धरलं. जुलै संपता संपता ती खिडकीच्या वर पोचली होती.

आता कुठल्याही नर्सरीत जा आणि ‘फुलांची वेल द्या’ म्हणा. बोगनवेल मिळेल, अलामांडा मिळेल, लसण्या वेल मिळेल. तिन्ही मूळच्या दक्षिण अमेरिकेतल्या. एवढंच कशाला, संक्रांतीच्या सुमारास केशरी फुलांनी लगडते म्हणून जिला आपण लाडानं संक्रांतवेल म्हणतो, तीही ब्राझीलकडची. माझं त्यांच्याशी वैर नाही. बोगनवेलीशिवाय आपले उड्डाणपूल किती भकास दिसतील! पण एक व्यवहाराची गोष्ट बघा. मे महिन्यात आमच्याकडे टँकर येतो. आंघोळीला बादली मोजून मिळते. अशा वेळी कुंडीतल्या पाहुण्यांना पाणी कुठून घालायचं? कळलावीला तेव्हा पाणी लागतच नाही. पावसाळा संपला की ती शेंगा धरते, पिवळी पडते आणि वरून चक्क मरते. खाली कंद झोपलेला असतो. उन्हाळाभर त्याला थेंबभरही पाणी द्यायचं नाही, दिलं तर उलट कुजेल. जूनमध्ये ढग आले की हिला आपोआप जाग येते. इथल्या हवेचं वेळापत्रक तिला पाठ आहे. इथल्या रानातली झाडं लावा असं जे आपण पर्यावरणदिनाच्या निबंधात लिहितो, त्याचा मला कळलेला अर्थ एवढाच आहे.

घरात काय चाललं होतं म्हणाल, तर आईनं नाव ऐकलं त्या दिवसापासून हिशोब सुरू केला. बाबांशी गॅसच्या बुकिंगवरून वाजलं, कळलावी. मावशीनं फोन उचलला नाही, कळलावी. दादानं नोकरी सोडतो म्हणून जाहीर केलं, तेव्हा तर आई काही बोललीच नाही, फक्त खिडकीकडे बघितलं. मी तिला म्हटलं, अगं, गेल्या वर्षी वेल नव्हती तेव्हा काय आपल्याकडे भजन चालायचं? पण पहिलं फूल आलं त्या सकाळी सगळ्यांच्या आधी तीच खिडकीत उभी होती. गणपतीला आठवडा होता. ती म्हणाली, “दिसते मात्र गौरीसारखी.” चेहरा मात्र अजूनही रागावलेलाच.

रील केलं नाही. करायला बसले आणि मध्येच फुलाकडेच बघत राहिले. त्याचे सहा पुंकेसर बाहेर पसरलेले असतात आणि स्त्रीकेसराची दांडी बुडातूनच काटकोनात एका बाजूला वळते, जणू स्वतःच्याच परागांपासून तोंड फिरवून. परागकण आणायला कुणीतरी बाहेरचं यावं लागतं. आमच्याकडे फुलपाखरं यायची आणि एकदा शिंजीर येऊन गेला. कल्याणमध्ये, माझ्या खिडकीत! तामिळनाडूत बियांसाठी हिची शेती करतात, तिथे हे काम माणसं हातानं करतात. फुलाफुलाला जाऊन पराग लावायचे. त्या बिया औषध कंपन्यांकडे जातात.

आता ते विष. कोल्चिसिन. बायोलॉजीवाल्यांनो, तुमच्या पुस्तकात ते आहे. पेशीचं विभाजन ते मध्येच अडवतं. त्याचाच वापर करून गुणसूत्रं दुप्पट केली गेली आणि त्यातून बिनबियांचं कलिंगड आलं. गाउट नावाचा सांध्यांचा आजार असतो, त्यावर ते अगदी मोजून-मापून औषध म्हणून देतात. डॉक्टरांच्या हातात औषध आणि पोटात भलतंच गेलं तर जीवघेणं. वेलीच्या सगळ्याच भागांत ते असतं, कंदात आणि बियांत विशेष. रताळं किंवा कोनफळ समजून कंद खाल्ल्यानं माणसं दगावलेली आहेत.

हे सगळं मला गेल्या ऑगस्टमध्ये माहीत होतं. मी वाचलं होतं. आणि मी कुणालाही सांगितलं नव्हतं.

गणपतीच्या दुसऱ्या दिवशी दारावर टकटक झाली. शेजारची चार वर्षांची मुलगी. एका हातात कळलावीचं फूल, दुसऱ्या हाताचं बोट तोंडात. “बाप्पाला,” ती म्हणाली.

त्या पाच सेकंदांत माझं काय झालं ते मला लिहिता येणार नाही. फूल काढून घेतलं, तिचे हात धुतले, तोंड धुतलं, दहा वेळा विचारलं, खाल्लंस का? खाल्लंस का? ती घाबरून रडायला लागली. तिच्या आईला बोलावून सगळं सांगितलं. त्या तिला लगेच डॉक्टरांकडे घेऊन गेल्या, मीही सोबत गेले. तिनं काहीच खाल्लं नव्हतं. तिला काहीही झालं नाही. पण या विषाची लक्षणं लगेच दिसतातच असं नाही, काही तासांनीही दिसतात, हे मी वाचलेलं असल्यामुळे ती रात्र मी त्यांच्या दाराकडे कान लावून काढली.

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी फूल आणि कवटीचं चित्र टाकलं. दुपारी माळीकाका आले. त्यांनी वेल ग्रिलवरून ओरबाडून काढली. उघड्या हातांनी. गुंडाळी केली, ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि कपाळावरचा घाम त्याच हातानं पुसला. हातमोजे घाला, असं त्यांना कमिटीतल्या कुणी सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही, मी आत रडत बसले होते. मग ते गेटपाशी गेले आणि त्यांनी कण्हेरीला पाणी घातलं.

इथे माझं म्हणणं सुरू होतं.

चूक माझी होती, हे आधी लिहून टाकते. चार वर्षांच्या मुलाच्या हाताला लागेल अशा जागी, वाटेच्या कडेला, कुणाला न सांगता मी विषारी वेल लावली. त्या मुलीच्या आईनं मला चार शब्द सुनावले ते कमीच होते. पण मग विष हाच जर उपटायचा निकष असेल तर तो एकीलाच का? गेटवरची कण्हेर राहिली. लिफ्टपाशी कुंडीत डिफनबेकिया आहे, ते पान चावलं तर तोंड आणि जीभ सुजते, ती राहिली. मागच्या भिंतीला पिवळी कण्हेर आहे, म्हणजे बिट्टी. जिच्या बिट्ट्यांनी आपल्यातले कितीतरी जण लहानपणी खेळलेत, त्याच बियांत सगळ्यात जास्त विष असतं. ती तर राहिलीच. हायवेच्या दुभाजकावर मैलोन्‌मैल कण्हेर लावलेली असते, कारण गुरं तिला तोंड लावत नाहीत. का लावत नाहीत, हे गाडीतून जाताना आपल्याला कधी विचारावंसं वाटलं नाही.

मला वाटतं, यांच्याबद्दल आपण घाबरत नाही कारण त्या विकत आणलेल्या आहेत. नर्सरीतून पावतीसकट आल्या म्हणजे त्या ‘शो’च्या. रानातली आली की ती विषारी, जंगली, अपशकुनी.

आणि अपशकुनाचं म्हणाल तर मी आता आत्याच्या बाजूला गेले आहे, जरा वेगळ्या वाटेनं. ‘दारात लावली की भांडणं होतात’ हे ऐकून मी हसले होते. पण विचार करा, वाचता न येणाऱ्या माणसांच्या गावात, जिथे अंगणात रांगणारी पोरं आणि गुरंवासरं आहेत, तिथे ‘या कंदात विष आहे, लांब राहा’ हे पिढ्यान्‌पिढ्या लक्षात कसं ठेवायचं? एक भीतीदायक नाव द्यायचं आणि त्याला एक गोष्ट चिकटवायची. असंच झालं असेल याचा पुरावा माझ्याकडे नाही, हा माझा तर्क. पण आत्याच्या नियमाचे दोन्ही भाग पुन्हा वाचा. दारात नको. गडग्यावर असू दे. तिनं उपटून टाक म्हटलं नव्हतं. तिनं जागा सांगितली होती. आणि हात धुवायला सांगितलं होतं. आमच्या कमिटीच्या ठरावापेक्षा हा नियम मला किती तरी शहाणा वाटतो, आणि माझ्यापेक्षाही.

म्हणून तुम्हाला सांगते, लावायची तर लावा, पण आत्याच्या अटींवर. घरात लहान मूल, मांजर किंवा कुत्रा असेल तर ही वेल तुमच्यासाठी नाही, जुई लावा. तीही इथलीच आहे, वासाची आहे आणि कुणाचं काही वाकडं करत नाही. जागा असेल तर कळलावी लोकांच्या हाताला लागणार नाही अशी लावा. हातमोजे घाला. शेंगा धरल्या की बिया सांडायच्या आत काढा. शेजाऱ्यांना सांगा, पाटी लावा. कुणाच्या पोटात गेलंच तर त्रास होतोय का याची वाट बघत बसू नका, तडक हॉस्पिटल गाठा आणि वेलीचा तुकडा पिशवीत घालून सोबत न्या.

आणि ट्रेकला दिसली म्हणून कंद खणून आणू नका. औषधासाठी असेच कंद खणून नेल्यामुळे रानातून ती कमी होते आहे. ओळखीत कुणाच्या कुंपणाला असेल तर चार बिया मागा. बियांपासून फूल यायला दोन-तीन वर्षं लागतात, म्हणजे फर्स्ट इयरला पेरली तर डिग्रीच्या आसपास फुलेल. दुसऱ्या देशांत तर अजिबात पाठवू नका. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर कुणीतरी हौसेनं नेलेली हीच वेल तिथल्या वाळूच्या टेकड्यांवर पसरली आहे आणि ती लोकं तिला उपटून उपटून दमली आहेत. तिकडची बोगनवेल इकडे निमूट राहिली, आपली कळलावी तिकडे कळ काढत बसली. प्रत्येकीची आपली जागा.

माळीकाकांनी वेल ओढली तेव्हा देठ मातीशीच तुटला होता. हे मला डिसेंबरमध्ये ग्रो-बॅग रिकामी करताना कळलं. जुना कंद वाळून गेला होता आणि त्याच्या जागी एक नवा, करंगळीएवढा कंद तयार होता. दोन्ही टोकं शाबूत. वर्तमानपत्रात गुंडाळून तो मी कपाटावर ठेवून दिला. आई दोनदा म्हणाली, ते वर काय आहे? मी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा तिनं विचारलं नाही.

या मे महिन्यात मी कमिटीला रीतसर अर्ज केला. मागच्या कंपाउंडला जी जाळी आहे, जिथे मीटरवाल्याशिवाय कुणी जात नाही, तिथे एक वेल लावायची परवानगी द्यावी. पाटी मी स्वखर्चानं लावीन. बिया मी काढीन. सोबत दुसरी विनंती, गेटवरच्या कण्हेरीला, लिफ्टपाशीच्या डिफनबेकियाला आणि बिट्टीलाही तशाच पाट्या लावाव्यात, त्याही मी करून देते. मागच्या वेळी बोलणी देणाऱ्या त्या शेजारीणबाईंनी अर्जावर सही केली. माळीकाकांनीही केली, आणि हातमोज्यांचं काय झालं, असं मला विचारलं. ते आणून दिलेत.

सेक्रेटरीकाकांनी अर्ज दोनदा वाचला. कळलावीला हरकत नाही म्हणाले, पाटी मात्र मोठी हवी, लाल अक्षरात. बाकीच्या तीन पाट्यांवर त्यांनी पेनानं आडवी रेघ मारली.

“कण्हेरीला कशाला पाटी?” ते म्हणाले. “लोकं उगाच घाबरतील.”